कोथिंबीर फ्रिजमध्ये, बेसिल उजेडात

ओक ट्री रोडवरून हौसेने आणलेल्या जुड्या आठवड्यात कचऱ्यात जातात ना? इथे पिस्कॅटवेत आमचीही तीच रड होती.

कोथिंबिरीला थंडी मानवते. न धुता, कागदी टॉवेलात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. पण सफरचंदांपासून दूर, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने पिवळी पडतात.

बेसिल मात्र आपल्या तुळशीच्या कुळातले! सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली ते काळवंडते, आणि फ्रिज तर ४ अंशांवर असतो. म्हणून देठ पाण्यात ठेवून जुडी ओट्यावर ठेवा, तीही उजेडात. खुडलेले पान जिवंतच असते. मंद उजेडानेही त्याचे पिवळे पडणे लांबते. कडक ऊन मात्र नको.

करून पाहा आणि आम्हाला जरूर कळवा!