लोकलचे भय आणि सत्त्वावजय

अतिसाराचे सहा प्रकार पाठ करताना भयज आणि शोकज हे शेवटचे दोन प्रकार विद्यार्थिदशेत आपणांपैकी बहुतेकांनी परीक्षेपुरते लक्षात ठेवले असतील. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत, २००६ च्या ऑक्टोबरात, भयज अतिसाराचा एक रुग्ण आमच्या अंधेरीच्या दवाखान्यात आला. व्याधी आम्ही ओळखली. चिकित्सा मात्र चुकलो. व्यवसायबंधूंच्या व औषधविक्रेत्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ती हकीकत येथे देत आहोत. रुग्णाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

रुग्ण चाळिशीचे, चर्चगेटजवळच्या एका कचेरीत लेखनिक. सकाळी उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत चार-पाच वेळा द्रवमलप्रवृत्ती, पोटात मुरडा, छातीत धडधड, तळहातांना घाम. मलपरीक्षण निर्दोष. ग्रहणी म्हणावी तर आहाराशी संबंध लागेना. विशेष हे की रविवारी व सुटीच्या दिवशी एकही वेग येत नसे. ‘‘रविवारी पोट कसे काय बरे असते?’’ असे आम्ही विचारले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘डॉक्टर, रविवारी गाडी धरायची नसते ना.’’

११ जुलै २००६ च्या सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत काही मिनिटांच्या अवधीत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही नावे त्या दिवशी एका ओळीत वाचावी लागली. स्फोट प्रथम वर्गाच्या डब्यांत झाले होते. १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. आमचे रुग्ण मागून येणाऱ्या गाडीत होते. त्यांना खरचटलेही नव्हते. गाडी मध्येच थांबली, मंडळी खाली उतरली आणि रुळांच्या कडेने चालू लागली. वाटेत जे दिसले ते त्यांनी आम्हांस दोनच वाक्यांत सांगितले. येथे लिहिण्याचे कारण नाही.

उपनगरांना हा अनुभव नवा नव्हता. घाटकोपरला २ डिसेंबर २००२ रोजी बसमध्ये आणि मुलुंडला १३ मार्च २००३ रोजी लोकलमध्ये स्फोट झालेच होते. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी गाड्या भरून धावल्या आणि वृत्तपत्रांनी मुंबईच्या जिद्दीचे कौतुक केले. आमच्या मते ती जिद्द कमी आणि चुलीची गरज अधिक होती. तथापि या गरजेने एक उपकार केला. भ्यालेला मनुष्य दुसऱ्याच दिवशी पुन्हा गाडीत चढला, गाडी सुखरूप पोहोचली, आणि असे अनेक दिवस घडत गेल्यावर बहुतेकांचे भय आपोआप विरले. ज्यांना गाडी टाळण्याची सोय होती, त्यांचे भय मात्र अनेकदा राहिले, वाढलेही.

ही सोय आमच्या रुग्णास आम्हीच करून दिली. कुटजघन वटी, सारस्वतारिष्ट, ब्राह्मी, रात्री पादाभ्यंग अशी योजना केली, झोप लागत नाही म्हणून सर्पगंधायुक्त वटी दिली आणि वर सल्ला दिला, ‘‘काही दिवस गाडी टाळा, बसने जा.’’ आठ दिवसांत अतिसार थांबला. रुग्ण प्रसन्न, आम्हीही प्रसन्न. उपशय मिळाला तो औषधाने की गाडी टाळल्याने, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला नाही. डिसेंबरात त्यांना बसचीही धास्ती वाटू लागली, कारण एस. व्ही. रोडवरची बस स्थानकाच्या गर्दीजवळून जाते. जानेवारीत ते अंधेरी स्थानकाच्या पुलापर्यंतही जाईनात. कुटजघन वटीची डबी खिशात नसेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाणेही होईना. ती डबी म्हणजे आता औषध नव्हते, ताईत झाला होता.

भयाचे हे गणित आधुनिक मानसशास्त्राने गेल्या शतकात उलगडले. फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये घोड्यांना भिणाऱ्या एका पाच वर्षांच्या मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि त्या भयाचे मूळ मुलाच्या पित्याविषयीच्या दडपलेल्या भावनेत शोधले. वाचण्यास तो वृत्तांत रंजक आहे. दवाखान्यात त्याचा उपयोग आम्हांस कधी झाला नाही. वॉटसन यांनी १९२० मध्ये एका तान्ह्या मुलासमोर पांढरा उंदीर आणून त्याच वेळी मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारला. काही वेळा असे केल्यावर मूल नुसत्या उंदरालाच भिऊ लागले. भय असे शिकले जाते. पण शिकलेले भय वर्षानुवर्षे टिकते कसे? त्याचे उत्तर मावरर यांनी १९४७ मध्ये दिले. भयाची वस्तू टाळली की तत्क्षणी सुटल्यासारखे वाटते, आणि ते सुटणे हेच टाळण्याचे बक्षीस ठरते. प्रत्येक वेळी टाळल्याने, ‘गाडीत बसलो असतो तर मेलो असतो’ ही समजूत खोटी ठरण्याची संधीही हुकते. आमच्या औषधाने जे आठ दिवसांत साधले, ते नेमके हेच बक्षीस होते.

फेब्रुवारीत रुग्णाच्या पत्नी एकट्याच आल्या. ‘‘डॉक्टर, पोटाचं काही नाही आता. पण हे हल्ली बोलतच नाहीत. पहाटे तीनला उठून बसलेले असतात. जेवणात लक्ष नाही. परवा म्हणाले, विम्याचे कागद कुठे आहेत ते बघून ठेव.’’

येथे आमचे हातपाय गार पडले, हे लपविण्यात अर्थ नाही. विषाद हा चरकांनी वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांत गणला आहे आणि अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या कारणांत त्यालाच अग्रस्थान दिले आहे. आपण मात्र त्याला अरुची, मलावष्टंभ, अंगमर्द, अनिद्रा या वेषांत पाहतो आणि वेषाचीच चिकित्सा करून मोकळे होतो. नोकरी जवळजवळ सुटलेली, घरातल्या घरात कोंडलेला, आपल्या हातून काहीच होणार नाही अशा निष्कर्षाला आलेला मनुष्य. सेलिगमन यांनी १९६७ च्या सुमारास कुत्र्यांवरील प्रयोगांत हीच अवस्था पाहिली होती. ज्यांना विजेच्या धक्क्यांपासून सुटण्याचा मार्गच दिला नव्हता, ती कुत्री पुढे मार्ग उघडा असतानाही निपचित पडून राहिली. बेक यांनी तिला विचारांच्या अंगाने मांडले: मी निरुपयोगी, जग प्रतिकूल, भविष्य अंधारे, अशी तिहेरी काजळी.

त्याच संध्याकाळी आम्ही रुग्णास भेटलो आणि प्रथमच सरळ विचारले, ‘‘जीव नकोसा वाटतो का? जीव द्यावा असे मनात येते का?’’ असे विचारल्याने तो विचार मनात घातला जातो, ही समजूत निराधार आहे. विचारल्याने मनुष्य हलका होतो. ते रडले आणि ‘‘हो’’ म्हणाले.

मनोविकारतज्ज्ञांकडे चला म्हटल्यावर त्यांच्या वडीलबंधूंचा पहिला उद्गार, ‘‘म्हणजे ठाण्याला?’’ उपनगरांतील मराठी घरांत ‘ठाणे’ या शब्दाचा हा दुसरा अर्थ सांगावा लागत नाही. १९०१ पासून तेथे मनोरुग्णालय आहे आणि मुलुंडच्या टोलनाक्यापलीकडचे ते नाव वेडेपणाचे प्रतिशब्द होऊन बसले आहे. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्याची संस्था उभी केली, जेथे शहाणी माणसे आपल्या पायांनी जातात, हे आम्ही त्यांना सांगितले. विकृती कशास म्हणावी याविषयी चरकांचे निदानस्थान अधिक उदार आहे. मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम झाला म्हणजे उन्माद. आमच्या रुग्णाचे यांपैकी बहुतेक सारे शाबूत होते. ते वेडे नव्हते. भ्यालेले व खचलेले होते.

मनोविकारतज्ज्ञांनी आमची औषधांची यादी पाहून सर्वप्रथम सर्पगंधा बंद केली. औषधविक्रेत्यांनी येथे लक्ष द्यावे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये मुंबईतूनच सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला. १९५२ मध्ये तीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले, आणि त्याच दशकात ते घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता आल्याचे वृत्तांत येऊ लागले. या संबंधाच्या बळाविषयी पुढे मतभेद झाले. तरीही ज्यास खिन्नता आहे वा पूर्वी होती त्यास रेसर्पिन देऊ नये, हा दंडक कायम आहे. आमच्या रुग्णाची खिन्नता सर्पगंधेने आली असे आम्ही म्हणू शकत नाही. ‘झोपेची आयुर्वेदिक गोळी’ म्हणून ती न विचारता देणे मात्र तेव्हापासून आम्ही सोडले आहे. तसेच, मनोविकारतज्ज्ञांनी सुरू केलेली औषधे ‘सवय लागेल’ या धाकाने एकाएकी बंद करण्याचा सल्ला दुकानाच्या काउंटरवरून दिला जातो, तोही थांबला पाहिजे.

दोन महिन्यांनी झोप व जेवण मार्गावर आले. भयाचे काम तसेच उभे होते. ते त्याच तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आम्ही करावे असे ठरले, कारण रुग्णाचा आमच्यावर विश्वास होता. तो का उरला होता, हे आम्हांस आजही उमगलेले नाही.

मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला भिणाऱ्या एका मुलाला खाऊ देत देत ससा दिवसेंदिवस जवळ आणला. वोल्पे यांनी १९५८ मध्ये याच तत्त्वाची पद्धत बांधली: शरीर सैल सोडण्यास शिकवावे आणि भयाच्या पायऱ्या सौम्यापासून तीव्राकडे चढाव्यात. ही पद्धत ऐकताना आम्हांस सूत्रस्थानाचा सातवा अध्याय आठवला. अहितकर सवय एकदम न सोडता पादांशाने सोडावी आणि हितकर तशीच पादांशाने अंगवळणी पाडावी, हा क्रम आपण आहारविहारासाठी रोज सांगतो. भयज अतिसाराच्या चिकित्सेत वातहर क्रियेसोबत हर्षण व आश्वासन सांगितले आहे. उन्मादचिकित्सेत भयशोकादी भावांचे शमन परस्परविरोधी भावांनी करावे असे आहे. वोल्पे यांचे सारे चरकांनी आधीच सांगून ठेवले होते असा दावा आम्ही करणार नाही. तसे दावे आपल्या संमेलनांत पुरेसे होतात. याच उन्मादचिकित्सेत दात काढलेल्या सापाने घाबरविण्याचाही प्रकार आहे. तो वाचून ‘भित्र्याला सरळ गर्दीच्या गाडीत कोंबा’ असे म्हणणारे व्यवसायबंधू आम्हांस भेटले आहेत. त्यांनी तसे करू नये.

पायऱ्या रुग्णानेच लिहिल्या आणि प्रत्येकीला शंभरांपैकी भयाचे गुण दिले. स्थानकाच्या पुलावर उभे राहणे, तीस. तिकीट काढून फलाटावर बसणे आणि गाड्या जाऊ देणे, चाळीस. दुपारी अंधेरीहून सुटणाऱ्या धीम्या गाडीत बसणे व सुटण्यापूर्वी उतरणे, पन्नास. बंधूंसह विलेपार्ले, साठ. एकट्याने विलेपार्ले, सत्तर. मग वांद्रे, दादर, आणि सकाळच्या गर्दीत चर्चगेट, शंभर. नियम एकच: भय निम्म्यावर येईपर्यंत पायरी सोडायची नाही. भय शिगेला असताना उतरले तर पुन्हा तेच बक्षीस. फलाटावर पहिल्या दिवशी ते पन्नास मिनिटे बसले. आम्ही शेजारी होतो. डबी घरी ठेवून जाण्याची पायरी त्यांनी यादीत घातलीच नव्हती. ती आम्ही घातली, तेव्हा तिला पंचाऐंशी गुण पडले, एकट्याने पार्ले गाठण्याहून अधिक.

सोबत विचारांचे काम. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती मुंबईत कि. मो. फडके यांनी रुजविली. घटनेने नव्हे तर घटनेविषयीच्या समजुतीने मनुष्य खचतो, हे तिचे सूत्र. ‘मला भय वाटताच कामा नये’ ही आमच्या रुग्णाची समजूत त्यांना भयाहून जड झाली होती. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती, समाधी ही मानसदोषांची औषधे आपण श्लोकातून म्हणतो. ती द्यायची कशी, याचा वस्तुपाठ आम्हांस त्या कागदाच्या दोन रकान्यांत मिळाला.

एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवितो. या काळात रुग्णास देण्यास आमच्याजवळ पुडी नव्हती. अर्धा तास बोलून, औषध न देता, पैसे कशाचे घ्यावेत? पहिले तीन आठवडे आम्ही घेतलेच नाहीत. मग रुग्णानेच टेबलावर ठेवले.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधरास मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे; आपल्यासारख्या केवळ बी.ए.एम.एस. पदवीधरास नाही. ऐकणे, ओळखणे, विचारणे आणि वेळेवर पाठविणे हे मात्र आपले कामच आहे. केंद्र शासनाची १४४१६ ही टेलिमानस दूरध्वनीसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो क्रमांक दवाखान्यात व दुकानात दिसेल असा लावावा.

आमचे रुग्ण २००७ च्या पावसाळ्यात पुन्हा कामावर रुजू झाले. पुढे एक-दोन वेळा, गाडी बोगद्यासारख्या अंधारात अडकली तेव्हा, पोटाने जुनी आठवण काढली; ते उतरले नाहीत. प्रथम वर्गाच्या डब्यात ते निवृत्त होईपर्यंत कधी बसले नाहीत. दुसऱ्या वर्गाच्या पासावर त्यांचे भागत होते, आणि ती पायरी चढण्याचा आग्रह आम्हीही धरला नाही.