बँड जमतो तो गावच्या शाळेत

पेडण्यातल्या हरमल किंवा मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये संध्याकाळी गाणं सुरू होतं तेव्हा समोर बरेचदा एकटाच माणूस असतो. गळ्यात गिटार आणि शेजारी लॅपटॉप. ड्रम, बेस, कीबोर्ड सगळं त्या लॅपटॉपमधून वाजतं. याला ‘वन मॅन बँड’ म्हणतात. शॅकवाल्याला तो परवडतो, गायकाचंही पोट भरतं. पण एकमेकांचा अंदाज घेत चौघांनी मिळून वाजवण्याची मजा त्यात नाही. देशभरातल्या हॉटेलांना ज्या गोव्याने बँड पुरवले, त्याच गोव्याच्या पेडणे-डिचोलीत असे चौघे सहजी का जमत नाहीत?

त्यासाठी आधी बँड जमायचे कसे ते पाहावं लागतं. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकी कृष्णवर्णीय वादक आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. तेव्हापासून शहरात या संगीताची हवा वाढत गेली आणि हॉटेलांना वादक हवे झाले. ते मिळाले बार्देश आणि साष्टीच्या गावांतून. तिथल्या चर्चच्या शाळेत पोराला आधी सोल्फेज शिकवत, म्हणजे कागदावरचा स्वर पाहून तो गळ्यातून काढायचा. मग हाती व्हायोलिन येई. चर्चमधलं गायन, वाड्यावरच्या क्रुसापुढचं लदीन (प्रार्थनागायन), लग्नातला नाच, अशी तालीम वर्षानुवर्षं होत राही. मुंबईत गावोगावच्या कुडी होत्या. नोकरीसाठी आलेले गाववाले तिथे एकत्र राहत आणि कामाची खबरही तिथेच लागे. एक ट्रंपेटवाला बार्देशचा, दुसरा व्हायोलिनवाला साष्टीचा, आयुष्यात कधी भेटलेले नाहीत. पण नोटेशनचा कागद स्टँडवर लागला की त्याच रात्री दोघे एकत्र वाजवू शकत. माझ्या मते बँड जमण्याचं खरं मर्म हेच.

हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ हा त्यातला सर्वांत झगमगता माणूस. जन्म १९१६चा. मुलाने मेकॅनिक व्हावं, असं आईला वाटत होतं. त्याने ट्रंपेट धरला आणि ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईची हॉटेलं गाजवली. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला सिनेमात आणलं. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) त्याचा बँड पडद्यावरसुद्धा दिसतो. मराठी संगीतकार, मराठी दिग्दर्शक आणि हळदोण्याचा ट्रंपेट! ‘अलबेला’ पाहताना या तिघांची आठवण एकत्रच ठेवायला हवी. पुढे बोर्ड्याच्या क्रिस पेरीने साळगावच्या लॉर्ना या गायिकेला आपल्या बँडमध्ये घेतलं आणि क्लबातला तोच बाज कोकणी गाण्यात आला.

हे सगळे गोव्याचे कलाकार जुन्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी घेतलेल्या मुलुखातले. पेडणे आणि डिचोली पोर्तुगिजांच्या हाती आले अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. देवळं राहिली, चर्च तुरळक, त्यामुळे चर्चची शाळाही तुरळक. शापोरा नदीच्या अलीकडे शिवोली, गायक रेमो फर्नांडिसचं गाव. त्याने शाळकरी वयातच बँड काढला. पलीकडे चोपडे, म्हणजे पेडणे तालुका. नदी एकच, पण दोन्ही काठांवरच्या पोरांच्या कानावर वेगळं संगीत पडत होतं.

पलीकडच्या पोरांचे कान रिकामे मात्र मुळीच नव्हते. चवथीला पेडणे-डिचोलीच्या कुठल्याही घरात आरतीला उभं राहून पाहावं. तिथे घुमट वाजत असतो, म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. वाजवणारा उजव्या हाताने चामड्यावर बोल काढतो आणि डाव्या हाताने ते उघडं तोंड झाकत-सोडत नाद घुमवतो. सोबत शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळं ही झांज. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद झाल्यावर बकऱ्याचं आलं. बारा-चौदा वर्षांची पोरं लय अशी काही वाढवत नेतात की ऐकणारा थक्क होतो. दशावतारात पेटी, मृदंग आणि झांज रात्रभर नटाच्या मागे धावतात. नट पदात काय भर घालील याचा नेम नसतो, तरी साथ तुटत नाही. जॅझवाले यालाच मोठं कसब मानतात.

म्हणजे लय आहे, कान आहे, साथीची समजही आहे. उणीव आहे ती अनोळखी वादकांना पहिल्याच रात्री एकत्र आणणाऱ्या त्या कागदाची. भजनी मंडळातला पेटीवाला आपल्या मंडळात राजा असतो. बेस गिटारवाल्याशी त्याची गाठ पडली तर बोलणं सुरू करायला दोघांजवळ सामायिक असं काही नसतं. असा कागद चित्रपटसंगीतात होता. संगीतकार चाल गाऊन दाखवी, सेबास्टियन डिसोझा किंवा माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे लोक ती नोटेशनमध्ये मांडत, आणि सतार, ढोलक, व्हायोलिन, सॅक्सोफोन एकत्र वाजू लागत.

पेडण्यात आता विमानतळ आहे, धारगळला २०२४मध्ये सनबर्न हा संगीत महोत्सवही होऊन गेला. वाजवायला जागांची वाण नाही. कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, डिचोली तालुक्यातल्या साखळीत रवींद्र भवन आहे. आठवड्यातून दोन दिवस नोटेशन शिकवायला एक व्हायोलिनचा आणि एक गिटारचा शिक्षक साखळी व पेडण्याला पाठवा आणि घुमट वाजवणाऱ्या पोरांना पहिल्या बाकावर बसवा. सरकारने एवढं येत्या शालेय वर्षापासून करावं.