दप्तर हलवताना

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याला इमारत, टेबले, कपाटे नवी घेता येतात. दप्तर मात्र नवे घेता येत नाही. ते जुनेच असावे लागते आणि पूर्ण असावे लागते. वाटेत एखादे पान गहाळ झाले तर कागद जातो चार पैशांचा, पण त्यासोबत कुणाचा तरी हक्क जातो.

आज हेच दप्तर संगणकात असते. ब्रह्मपुरी, मूल, देसाईगंज हा धानाचा पट्टा. समजा, तिथल्या एका राईस मिलमध्ये चार टेबलांवर चार संगणक आहेत आणि कोपऱ्यात एक सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे सर्वांनी मिळून वापरायचे कपाट. कोणत्या शेतकऱ्याचे किती क्विंटल धान आले, किती पैसे दिले, किती बाकी आहेत, ही रोजकीर्द आणि खतावणी त्यातच असते. हे यंत्र आठ-दहा वर्षांचे झाले की बदलावे लागते. ते कसे बदलायचे आणि त्यामागे कोणते विज्ञान आहे, ते पाहू या.

यंत्र मुळात म्हातारे का होते? जुन्या सर्व्हरमधील हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. वर्षानुवर्षे फिरणारी ही वस्तू केव्हातरी झिजणारच. दुसरे कारण उष्णता. विद्युत मंडलातील इलेक्ट्रोलायटिक धारित्रांचे तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. त्यात कोंड्याची धूळ पंख्यात बसली की यंत्राच्या पोटातील उष्णता बाहेर पडत नाही. तिसरे कारण यंत्राबाहेरचे आहे. विंडोज सर्व्हर २०१२ या प्रणालीचा नेहमीचा आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. आधार संपलेल्या प्रणालीतील नव्याने सापडलेली भगदाडे सहसा कुणी बुजवून देत नाही.

यंत्र हलवण्यापूर्वी यादी करावी. हिशेबाच्या फायली सर्वांना आठवतात, पण छपाईयंत्राची जोडणी, कुणाला काय पाहता येईल याचे नियम आणि परवाने विसरले जातात. टॅलीसारख्या हिशेबप्रणालीचा परवाना विशिष्ट यंत्राशी बांधलेला असतो. तो जुन्या यंत्रावरून आधी सोडवून घ्यावा लागतो.

यानंतर नक्कल. कारकून रोजकीर्दीत लिहीत असतानाच कुणी तिचा फोटो घेतला, तर जमा लिहिलेली आणि नावे राहिलेली अशी अर्धी नोंद फोटोत येईल. संगणकातही तसेच होते. म्हणून नक्कल करण्यापूर्वी सर्वांचे काम थांबवून हिशेबप्रणाली बंद करतात. यासाठी धान खरेदीचा हंगाम आणि ३१ मार्चचा आठवडा टाळावा, सुटीचा दिवस निवडावा.

वेळ किती लागेल? हे गणित विद्यार्थ्यांना जरूर द्यावे. माहिती २०० गिगाबाइट आहे. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे १६०० गिगाबिट. जोडणीचा वेग सेकंदाला १ गिगाबिट असेल तर १६०० सेकंद, म्हणजे सुमारे २७ मिनिटे. वेग १०० मेगाबिट असेल तर जवळजवळ साडेचार तास. इंटरनेटवरून ५ मेगाबिटने पाठवायची ठरवली तर ३,२०,००० सेकंद, म्हणजे पावणेचार दिवस! प्रत्यक्षात याहून थोडा जास्तच वेळ लागतो.

नक्कल तंतोतंत झाली हे कसे ओळखावे? बेरीज जुळली म्हणजे झाले, असे आपल्याला वाटते. तीन शेतकऱ्यांची बाकी अनुक्रमे ५४०, ४५० आणि ७०० रुपये आहे. बेरीज १६९०. आता पहिल्या दोन रकमांची अदलाबदल झाली तरी बेरीज १६९०च येते. बेरीज बरोबर असूनही दोन खाती चुकलेली! म्हणून प्रत्येक रकमेला तिच्या क्रमांकाने गुणून पाहू. ५४० × १ + ४५० × २ + ७०० × ३ = ३५४०. अदलाबदलीनंतर ४५० × १ + ५४० × २ + ७०० × ३ = ३६३०. चूक पकडली गेली. ही युक्तीही फसू शकते, म्हणून संगणक ‘शा-२५६’सारखी फार कठोर रीत वापरतो. तिच्यात प्रत्येक फाइलचा २५६ बिटांचा ठसा निघतो आणि शक्य ठशांची संख्या ७८ अंकी आहे. फाइलमधील एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. जुन्या आणि नव्या फाइलचे ठसे जुळले की नक्कल बिनचूक आहे, असे निश्चिंतपणे समजावे.

आपल्या भाषेची एक वेगळी अडचण आहे. पूर्वीच्या अनेक मराठी फायलींत अक्षरे रोमन अक्षरांच्या क्रमांकांनी साठवलेली असत आणि फाँट त्यावर देवनागरी आकार चढवत असे. नव्या यंत्रात तो फाँट नसला की शेतकऱ्याच्या नावाऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. ठसा जुळतो, पण वाचता येत नाही. युनिकोडमध्ये ‘क’ला २३२५ हा त्याचा स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून जुना फाँट सोबत न्यावा आणि सवडीने फायली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

नव्या सर्व्हरला जुन्याचेच नाव आणि पत्ता दिला की बाकीच्या संगणकांना बदल कळतही नाही. मात्र एकाच पत्त्याची दोन यंत्रे एकाच वेळी जोडणीवर ठेवू नयेत, नाहीतर टपाल कुणाकडे जाईल याचा नेम राहत नाही. नव्या नोंदी फक्त नव्या यंत्रात कराव्यात आणि जुने यंत्र निदान एका महिन्याचा ताळेबंद जुळेपर्यंत जपून ठेवावे.

नव्या यंत्रात एकमेकींचे प्रतिबिंब असलेल्या दोन डिस्क असतात, म्हणून आता काळजी नाही, असेही समजू नये. एका डिस्कवर चुकून पुसलेले त्याच क्षणी दुसरीवरही पुसले जाते. शिवाय ऑगस्ट २०२०च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून मोठा विसर्ग झाला, तेव्हा वैनगंगेच्या पुराने ब्रह्मपुरी तालुक्यातील गावे वेढली होती. पाणी खोलीत शिरले तर दोन्ही डिस्क सोबतच बुडतात. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी आणि ती अधूनमधून उघडून पाहावी. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. एवढ्या काळात एखादी तरी डिस्क दगा देईल असे धरूनच चालावे.

शेवटी जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी डिस्क पूर्ण पुसून घ्यावी. फाइल काढून टाकल्याने बहुधा फक्त तिची अनुक्रमणिकेतील नोंद जाते, मजकूर राहतो. त्यात शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक असतात.

आपल्या शाळेतही संगणक आहे, त्यात दाखला-नोंदीची यादी आहे. तिची दुसरी प्रत कुठे आहे आणि ती शेवटची उघडून केव्हा पाहिली होती? विद्यार्थ्यांसह एकदा याचा शोध घ्यावा, प्रत दुसऱ्या संगणकावर उघडावी आणि वरची गुणाकाराची रीत लावून पाहावी. धडा तिथेच पूर्ण होईल.