दोनशे तासांनंतरचा रस्ता

बारावीचा निकाल लागला की आमच्या सुलतानपुरात घरोघरी ठरलेली चर्चा सुरू होते: फार्मसी, डीएड, आयटीआय की पोलीस भरती? अलीकडे त्यात ‘पायलट’ हा शब्दही ऐकू येतो. मुलांनी आभाळाकडे पाहावे, यात गैर काहीच नाही. मात्र फीसाठी शेताचा सौदा करण्याआधी अब्बा-अम्मींनी पुढचा हिशेब समजून घ्यावा, एवढीच आम्हा शिक्षकांची विनंती.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, डीजीसीए देते. त्यासाठी वय किमान १८ वर्षे, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वैद्यकीय तपासणी, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम अशा विषयांत किमान ७० टक्के गुण आणि २०० तासांचे उड्डाण लागते. प्रशिक्षणासाठी फार दूर जायला नको. गोंदियाजवळ बिरसी, बारामती, शिरपूर अशा ठिकाणी सोय आहे. खर्च मात्र पन्नास लाखांच्या घरात जातो. बँकेचे कर्ज म्हटले की व्याज आले, आणि आपल्या अनेक घरांत तो प्रश्न केवळ पैशांचा नसतो.

खरी परीक्षा परवाना हाती आल्यावर सुरू होते. मोठ्या प्रवासी कंपन्यांना ठरावीक विमानाचे ‘टाइप रेटिंग’ लागते, म्हणजे पुन्हा लाखोंचा खर्च. हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा यांचे उदाहरण घ्या. वडील बेकरीत काम करणारे. समाजातील जाणत्यांच्या मदतीने मुलीने सीपीएल मिळवले. पण पुढच्या प्रशिक्षणासाठी सरकारी मदतीची गरज पडलीच.

मोठ्या कंपन्यांशिवाय दुसरीही वाट आहे. उद्योगसमूहांची खासगी विमाने, चार्टर कंपन्या, रुग्णांना नेणारी हवाई रुग्णवाहिका. याला कॉर्पोरेट उड्डाण म्हणतात. अशा विमानात बहुधा दोन वैमानिक असतात. डाव्या खुर्चीवर हजारो तासांचा अनुभवी कॅप्टन, उजवीकडे सहवैमानिक. नवख्याला ही उजवी खुर्चीच मिळू शकते; पण जागा मोजक्या असतात आणि बऱ्याचदा त्या ओळखीतून भरल्या जातात.

मग २०० तासवाल्याने करायचे काय? एक, बहुइंजिन विमानाचे आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग घ्यावे. दोन, प्रशिक्षकाचे रेटिंग घेऊन फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवावे. शिकवता शिकवता तास वाढतात आणि पगारही मिळतो. तीन, चार्टर कंपनीच्या कार्यालयात उड्डाणांच्या नियोजनाचे काम मिळाले, तर ते कमी समजू नये. कॅप्टन मंडळी तिथेच पोराची वागणूक पाहतात. या नोकरीत फोन कधीही येतो, प्रवाशांचे सामान उचलावे लागते, इंधनाची सोय पाहावी लागते, आणि विमानात ऐकलेले बोलणे विमानातच ठेवावे लागते. शिस्त आणि अमानतदारी ही इथली अर्धी पात्रता.

प्रेम माथूर यांचे नाव मुलींनी लक्षात ठेवावे. १९४७ साली परवाना मिळाला, पण बाई म्हणून एकामागून एक कंपन्यांनी नकार दिला. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने संधी दिली. पुढे त्या उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांच्या खासगी विमानाच्या वैमानिक झाल्या. खासगी विमान चालवण्याची ही वाट आपल्या देशात एका बाईने पंचाहत्तर वर्षांपूर्वीच चालून दाखवली आहे.

पालकांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. फी भरण्याआधी डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रंगांधळेपणासारखा दोष पैसे गेल्यावर कळला तर उपाय नसतो. पूर्ण रक्कम एकदम देऊ नये, हप्ते ठरवावेत. संस्थेत उडण्याजोगी विमाने किती आणि विद्यार्थी किती, हे स्वतः जाऊन पाहावे. विमाने कमी असली की एका वर्षाच्या कामाला दोन-तीन वर्षे लागतात. उर्दू माध्यमाच्या मुलांनी आठवीपासूनच इंग्रजी बोलण्याचा सराव करावा, कारण इंग्रजीच्या ठरावीक पातळीशिवाय परवाना मिळत नाही. आणि हाताशी एखादी पदवी असू द्यावी.

उड्डाणाला धावपट्टी लागते. ती किती लांब हवी, हे घरात बसून आधी मोजले, तर शेतही राहील आणि स्वप्नही.