बटण दाबता आले नाही तर?

१७९५ सालच्या लढाईमुळे खर्डा हे नाव आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटते. समजा, याच खर्ड्याची एक विद्यार्थिनी जामखेडच्या महाविद्यालयातून संध्याकाळी जीपने घरी परतते आहे. सहप्रवासी आणि चालक अनोळखी आहेत. अशा मुलींसाठी सहप्रवासाचे एक अ‍ॅप आपल्याला तयार करायचे आहे. त्यात काय काय हवे?

पटकन सुचते ते धोक्याचे बटण. ते हवेच. पण बटण दाबायला फोन हातात हवा, हात मोकळा हवा. ते दाबता आले नाही तर?

त्यासाठी आधी फोनला आपली जागा कशी कळते ते पाहू. उपग्रह आपले स्थान आणि संदेश निघाल्याची वेळ सतत प्रक्षेपित करतात. संदेश यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढता येते. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. म्हणजे घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते! फोनचे घड्याळ इतके अचूक नसते. म्हणून अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक या चार अज्ञात राशींसाठी किमान चार उपग्रह लागतात.

यात फोन फक्त ऐकतो. त्यामुळे रेंज नसली तरी त्याला जागा कळू शकते. ती दुसऱ्याला कळवायला मात्र रेंज लागते. धोका नेमका रेंज नसलेल्या टप्प्यात आला, तर बटणाचाही उपयोग नाही.

यावर उपाय म्हणजे शांततेलाच अर्थ देणे. प्रवास सुरू झाल्याची नोंद दूरच्या संगणकावर असते. ठरलेल्या वेळेत पुढचा संदेश आला नाही, तर संगणकाने आधी मुलीला आणि उत्तर न मिळाल्यास तिने निवडलेल्या व्यक्तीला कळवावे. इथे मुलीने काहीही न करता मदतीची हालचाल सुरू होते.

पण किती वेळ थांबायचे? मुदत फार कमी ठेवली, तर जीप डिझेलसाठी थांबली तरी इशारा जाईल. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीसारखे मग कोणी लक्ष देणार नाही. फार जास्त ठेवली, तर मदतीला उशीर होईल.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. जी माहिती रक्षण करते, तीच पाठलागालाही उपयोगी पडते. म्हणून मुलीचा नंबर चालकाला दिसू नये, प्रवास संपताच माग बंद व्हावा आणि तो कोणाला दिसावा हे तिनेच ठरवावे. नाहीतर सुरक्षिततेचे साधन पाळतीचे साधन होईल.

वर्गात करून पाहा : आपल्या गावापासून महाविद्यालयापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा. रेंज जाते ते टप्पे आणि ते ओलांडायला लागणारा वेळ नोंदवा. त्यावरून मुदत ठरवा. ती ठरवताना रोज प्रवास करणाऱ्या मुलींना आधी विचारा. रस्ता त्यांनाच सर्वांत चांगला माहीत असतो.