सेंटेड कँडल ‘क्लीन’ जळते म्हणजे नेमकं काय? छोट्या खोलीसाठी कँडल घेण्याआधी हे वाचा

शॉपिंग ॲपवर ‘सेंटेड कँडल’ असं नुसतं टाइप करून बघा. सोया वॅक्स, १००% नॅचरल, टॉक्सिन-फ्री, स्मोकलेस, क्लीन बर्निंग... प्रत्येक डबीवर यातले दोन-तीन शब्द असतातच. किंमत मात्र दीडशे रुपयांपासून दीड हजारापर्यंत काहीही. पीजी, हॉस्टेल किंवा वन आरकेमध्ये राहणाऱ्यांसाठी प्रश्न साधा आहे: माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत ही पेटवली तर मी नक्की काय श्वासात घेणार?

उत्तर आधीच सांगतो. ‘क्लीन’ हा मेणाचा गुण कमी आणि ज्योतीचा गुण जास्त आहे. मेण कुठलं यापेक्षा वात केवढी, वारा किती आणि खोली केवढी, यावर धूर ठरतो. कसं ते बघूया.

कँडलमध्ये जळतं काय?

आपल्याला वाटतं वात जळते. खरं तर वात म्हणजे फक्त पाइपलाइन. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वातीच्या धाग्यांतून वर चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी एका मेणबत्तीवर व्याख्यानमालाच दिली होती. त्यातला एक प्रयोग आजही घरी करता येतो. मेणबत्ती विझवली की जो पांढरा धूर निघतो, त्याला वरून काडी लावली तर ज्योत धुरावरून खाली उतरून वात पुन्हा पेटते. म्हणजे तो धूर न जळालेलं मेण असतं.

मेणाची वाफ पूर्ण जळाली तर उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजन कमी पडला किंवा ज्योत हलली, तर कार्बनचे बारीक कण अर्धवट जळून बाहेर पडतात. हीच काजळी. गंमत म्हणजे मेणबत्तीचा पिवळा उजेडही याच तापलेल्या कार्बनकणांचा असतो. चांगल्या ज्योतीत ते कण वरच्या टोकापर्यंत जाताना जळून संपतात, वाईट ज्योतीत ते खोलीत येतात.

म्हणूनच तो चमच्याचा रील फसवा आहे. पॅराफिनच्या ज्योतीत चमचा धरायचा, काळा झाला की ‘बघा किती विषारी’ म्हणायचं. पिवळ्या ज्योतीच्या मध्ये थंड चमचा घातला की कण जळायच्या आधीच त्यावर बसतात. सोया मेणाची पिवळी ज्योतही चमचा काळा करू शकते. खरी परीक्षा ज्योतीच्या बऱ्याच वर, हवेत काय पोचतं याची असते.

सोया की पॅराफिन?

पॅराफिन पेट्रोलियम शुद्धीकरणातून मिळतं. सोया वॅक्स म्हणजे हायड्रोजन घालून घट्ट केलेलं सोयाबीन तेल. त्याशिवाय मधमाशीचं मेण, खोबरेल किंवा पाम तेलाचं मेणही असतं. पॅराफिन म्हटलं की काजळी आणि सोया म्हटलं की शुद्ध हवा, असं सरळ गणित नाही. बरोबर वातीचं पॅराफिन स्वच्छ जळतं, आणि जाड वात घातलेलं सोया भरपूर काजळी करतं.

सोयाचा खरा फायदा असा की ते साधारण ५० अंशांच्या आसपास वितळतं आणि सहसा हळू जळतं. तोटाही तोच. एप्रिल-मेमध्ये नागपूर, अकोल्याला मागवलेली कँडल कुरिअरच्या तापलेल्या गाडीतून येताना वितळून एका बाजूला बसलेली असू शकते. आणि लेबलवर ‘सोया ब्लेंड’ लिहिलं असेल तर त्यात सोया किती टक्के आहे हे विक्रेत्याला विचारा. ‘ब्लेंड’ या शब्दात पाच टक्केही बसतात.

तुमच्या खोलीचं गणित

दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली म्हणजे १००० घनफूट, साधारण २८ घनमीटर हवा.

मध्यम आकाराची एक वात तासाला सुमारे ६ ग्रॅम मेण जाळते. त्यातून जवळपास ७० वॅट उष्णता निघते, म्हणजे जुन्या सीलिंग फॅनच्या विजेइतकी. कार्बन डायऑक्साइड तासाला १८-१९ ग्रॅम. शांत बसलेला माणूस तासाला साधारण त्याच्या दुप्पट सोडतो. म्हणजे एक कँडल लावली की खोलीत ‘अर्धा रूममेट’ वाढला. तीन वातींची लावली तर दीड.

आता काजळीचं. समजा त्या ६ ग्रॅम मेणातला फक्त ६००० वा भाग, म्हणजे १ मिलिग्रॅम, बारीक कणांच्या रूपात हवेत आला. वजन साखरेच्या एका दाण्याइतकं किंवा त्याहून कमी. पण बंद खोलीत तो पसरला की दर घनमीटरला सुमारे ३५ मायक्रोग्रॅमची भर पडते. तुलनेसाठी, पीएम २.५ कणांची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा भारतीय मानकात ६० मायक्रोग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीत १५. एक तासाची भर आणि चोवीस तासांची सरासरी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरं. पण छोट्या खोलीत किती थोड्या काजळीने फरक पडतो, ते यातून कळतं. हीच कँडल मोठ्या हॉलमध्ये, खिडक्या उघड्या ठेवून लावली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

फॅन, एसी आणि आपली अडचण

पॅकेटवरच्या सूचना ‘वाऱ्यापासून दूर ठेवा’ म्हणतात. आपल्याकडे डोक्यावर फॅन फिरत असतो. फॅनच्या वाऱ्याने ज्योत सतत थरथरते, आणि थरथरणारी ज्योत म्हणजे काजळी. फॅन बंद करून दारं-खिडक्या लावल्या तर हवा साचते.

एसी लावला की प्रश्न सुटतो असं अनेकांना वाटतं. घरातला साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. त्याची जाळी धूळ अडवते, बारीक काजळी नाही. त्यामुळे एसी चालू, खिडक्या बंद आणि कँडल पेटलेली, हा सगळ्यात वाईट सेटअप.

मधला मार्ग असा: फॅन बंद, खिडकी बोटभर उघडी, कँडल वाऱ्याच्या रेषेत नाही, आणि वेळ जास्तीत जास्त एक तास. सुगंध पसरायला तेवढं पुरतं. मग झाकण ठेवून विझवा आणि त्यानंतर फॅन आणि खिडकी पूर्ण सुरू.

सुगंध हासुद्धा रसायनच

काजळी शून्य असली तरी सुगंध म्हणजे हवेत उडणारे रेणू. लिंबू-संत्र्याच्या वासातलं लिमोनिन हवेतल्या ओझोनशी संयोग पावून थोडं फॉर्मल्डिहाइड आणि सूक्ष्म कण तयार करतं. ते संत्र्याच्या सालीतून आलं की कारखान्यातून, हवेला फरक पडत नाही. म्हणून ‘इसेन्शिअल ऑइल आहे, नॅचरल आहे’ हे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्हे.

माझी धाकटी बहीण पुण्यात पीजीला राहते. तिला दमा आहे, आणि तिने मला तीन लिंका पाठवून विचारलं होतं, ‘दादा, यातली कुठली घेऊ?’ तिन्हींवर ‘अस्थमा सेफ’ लिहिलेलं. मी तिला तिन्हींना नाही म्हणालो. दमा, मायग्रेन किंवा सुगंधाची ॲलर्जी असेल तर बंद खोलीत कुठलीही सुगंधी कँडल ‘सेफ’ नाही. आणि हा प्रश्न फक्त आपला नसतो. तुम्हाला लॅव्हेंडर आवडतं, पण शेजारच्या बेडवरची मुलगी तीच हवा घेते आणि तिने ती कँडल निवडलेली नाही. लावण्याआधी विचारा.

हल्ली कँडल वॉर्मर लॅम्प मिळतात. त्यात वरच्या बल्बच्या उष्णतेने मेण वितळतं, ज्योत नसते. काजळी आणि आगीचा धोका यातून बराचसा सुटतो. सुगंधाचे रेणू मात्र तेवढेच येतात, त्यामुळे दम्याच्या माणसासाठी हाही उपाय नाही.

आणि हो, कँडलला घाबरून मच्छर कॉइल लावत असाल तर थांबा. चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासणाऱ्या २००३ च्या एका अभ्यासात, एक पूर्ण कॉइल जळताना निघणारे पीएम २.५ कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. अगरबत्ती, धूप आणि कॉइल ज्योतीशिवाय धुमसतात, म्हणून त्यांचा धूर कँडलपेक्षा खूप जास्त असतो.

घेताना काय बघायचं?

* वजन भागिले तास. पॅकबंद वस्तूवर निव्वळ वजन छापणं बंधनकारक आहे आणि ऑनलाइन लिस्टिंगमध्येही ते दिसायला हवं. १०० ग्रॅमची कँडल २५ तास चालते म्हटलं तर तासाला ४ ग्रॅम. छोट्या खोलीला हे ठीक. १०० ग्रॅममध्ये ७० तास असा दावा असेल तर तो आकडा संशयास्पद आहे.
* एकच वात. तीन वातींची मोठी बरणी हॉलसाठी. दहा बाय दहाला ६० ते १०० ग्रॅमची, एका वातीची पुरे.
* विणलेली सुती वात. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये निघालेली ही युक्ती आहे. विणलेली वात जळताना किंचित वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येऊन जळून जातं आणि वात आपोआप आखूड राहते. आत धातूची तार असलेली बिनब्रँड वात टाळा. शिसं असलेल्या वातींवर अमेरिकेने २००३ मध्ये बंदी घातली. न पेटवलेली वात पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलसारखी राखाडी रेघ उठली तर शिसं असू शकतं.
* सुगंधाचं प्रमाण. विक्रेते ‘१२% फ्रेग्रन्स’ अभिमानाने सांगतात. छोट्या खोलीला ५-६% भरपूर होतं. जास्त तेलाने वात गुदमरते आणि काजळीही वाढू शकते.
* वर सजावट नको. सुकलेल्या गुलाबपाकळ्या, दालचिनी, ग्लिटर फोटोत छान दिसतं. पण सुकी पाकळी पेटली की तीच दुसरी वात होते.

पेटवताना फोन कामाला लावा

आधी एक गैरसमज. फोनच्या वेदर ॲपमधला एक्यूआय तुमच्या खोलीचा नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ असो की पुण्याच्या आयआयटीएमने उभारलेलं ‘सफर’, तो आकडा बाहेरच्या हवेचा. फोनमध्ये धूलिकण मोजणारा सेन्सर नसतो, त्यामुळे कॅमेऱ्याने खोलीची हवा मोजून देतो म्हणणारं ॲप अनइन्स्टॉल करा. कोणाकडे पीएम २.५ दाखवणारा एअर प्युरिफायर असेल तर त्याचा आकडा बघा: पेटवण्याआधी, अर्ध्या तासाने आणि विझवल्यावर. फुंकर मारून विझवलं तर शेवटचा आकडा बहुतेक वेळा सगळ्यात जास्त उडी मारतो.

फोन मात्र तीन गोष्टी नक्की करू शकतो.

१. मॅक्रो फोटो. पेटवण्याआधी वातीचा जवळून फोटो घ्या. टोकाला कार्बनचा गोळा दिसला किंवा वात ६ मिलिमीटरपेक्षा लांब असली तर नखं कापायच्या कटरने छाटा. सगळ्या उपायांत हा सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक.

२. स्लो मोशन. ट्यूबलाइट, एलईडी बंद करा, नाहीतर विजेच्या दिव्याची सेकंदाला १०० वेळा होणारी लुकलुक व्हिडिओत दिसेल. ज्योत शांत आणि थेंबासारखी असेल तर उत्तम. टोक फाटून काळी रेघ वर जात असेल तर विझवा, वात छाटा, जागा बदला.

३. टायमर. रोज एक तास. अपवाद फक्त पहिल्या वेळेचा. तेव्हा वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचू द्या, साधारण दर इंच व्यासाला एक तास. नाहीतर मध्येच खड्डा पडत जातो आणि कडेचं मेण वाया जातं. तळाला सेंटिमीटरभर मेण उरलं की कँडल संपली समजा, काच तडकू शकते. पडदा, गादी, पुस्तकं आणि चार्जिंगच्या वायरी हातभर लांब. आणि झोप येतेय असं वाटलं की टायमरची वाट बघू नका, आधी विझवा.

बरणीच्या आतल्या कडेला काळं वर्तुळ दिसत असेल तर तेवढंच तुमच्या भिंतींवर आणि छातीतही जात असतं. अशा वेळी नवी, महागडी, ‘क्लीन बर्निंग’ कँडल मागवण्याआधी आहे तीच वात छाटून, फॅन बंद करून आणि खिडकी बोटभर उघडून एकदा लावून बघा. पुढच्या वेळी काच स्वच्छ राहिली तर तुमचे पैसे वाचले.