चुन्याच्या पाण्यातला मका

एल साल्वादोरहून अमेरिकेत आलेल्या कुटुंबाच्या हॉटेलात पुपुसा, म्हणजे सारण भरलेली मक्याची जाड भाकरी, मागवली की थांबावं लागतं. पंधरा-वीस मिनिटं तरी, आणि शनिवारी संध्याकाळी त्याहून जास्त. पाणी आणून देणारी मुलगी बहुधा मालकिणीची लेक नाहीतर भाची असते. ती आंबट कोबीची बरणी टेबलावर ठेवते आणि निघून जाते. आतून तळव्यांचा टप् टप् आवाज येत राहतो. तो आवाज ऐकू आला तर खुशाल बसून राहावं, नाही आला तर दुसरं हॉटेल गाठावं, असं मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगत आलो आहे.

मला हा नाद लागला तो किराण्यामुळे. मेरीलँडमधलं लँगली पार्क हे वॉशिंग्टनच्या वेशीवरचं ठिकाण. युनिव्हर्सिटी बुलेवार्ड आणि न्यू हॅम्पशायर अव्हेन्यू जिथे एकमेकांना छेदतात, त्या टापूत भारतीय दुकानं आहेत आणि त्यांना खेटून मध्य अमेरिकेतल्या लोकांची. तूरडाळ, पोहे आणि कढीपत्ता गाडीत टाकला की समोरच्या हॉटेलात शिरायचं, हा आमचा शनिवारचा क्रम झाला. तिथल्या मालकीणबाईंनी मला एका दुपारी तव्यापाशी उभं राहू दिलं.

त्यांनी हात तेल-पाण्यात बुडवले आणि मक्याच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा घेतला. अंगठ्याने खळगा करून त्यात वाटलेला लाल राजमा आणि चीज भरलं. तोंड बंद करून उरलेलं पीठ चिमटीने तोडून टाकलं. मग गोळा या तळव्यावरून त्या तळव्यावर, फिरवत आणि थापत. भाकरी थापणाऱ्या बाईच्या हाताला जी लय असते तीच, फक्त परातीचा आधार नाही, सगळा खेळ अधांतरी. बोटभर जाडीची, वीतभरापेक्षा जरा लहान पुपुसा तापलेल्या तव्यावर पडली. कडेने थोडं चीज बाहेर आलं आणि करपून कुरकुरीत झालं. तो करपलेला भाग मी आधी खातो. त्या दुपारी बाईंनी एकदाही खाली पाहिलं नाही, आमच्याशी बोलता बोलता बारा माणसांच्या पुपुसा उतरवल्या.

ही मंडळी इथे आली कशी, ते थोडक्यात सांगतो. एल साल्वादोर हा मध्य अमेरिकेतला सर्वांत छोटा देश, क्षेत्रफळ सुमारे २१,००० चौरस किलोमीटर. १९६०च्या दशकात वॉशिंग्टनमधल्या राजदूतांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरी कामाला म्हणून तिथल्या बायका आल्या. या शहरात पुरुषांच्या आधी बायकांनी वाट पाडली. मग १९८० ते १९९२ असं यादवी युद्ध झालं, सुमारे ७५,००० माणसं गेली आणि लाखो परागंदा झाली. पुढे २००१मध्ये जानेवारी आणि फेब्रुवारीत दोन मोठे भूकंप झाले. आज अमेरिकेत वीस लाखांहून अधिक साल्वादोरी वंशाचे लोक आहेत. वॉशिंग्टनमधलं ‘एल तामारिंदो’ हे हॉटेल युद्धाच्या ऐन धामधुमीत, १९८२मध्ये उघडलं आणि ते त्याच कुटुंबाचं राहिलं आहे.

आता मका. या लेखाचं निमित्त पुपुसा असली तरी माझा जीव त्या पिठात अडकला आहे. मक्याची भाकरी ज्यांनी थापली आहे त्यांना ठाऊक असतं की ते पीठ चिवट नसतं, कडा फाटतात. त्यात सारण भरून हवेत थापायचं म्हणजे अशक्यच. मग पुपुसा फाटत का नाही? कारण तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवलेला असतो. चुना म्हणजे विड्याच्या पानाला लावतो तोच. चुन्याने दाण्याची साल सुटते, ती चोळून धुऊन टाकतात आणि ओला दाणा वाटतात. साल विरघळताना जो चिकटपणा येतो त्याने पीठ लवचीक होतं. ही युक्ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी शोधली.

त्यांना मिळालेला दुसरा लाभ याहून मोठा. मक्यातलं निॲसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या अवस्थेत असतं आणि शरीराला फारसं मिळत नाही. चुना ते मोकळं करतो. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, पण चुना मागेच राहिला. परिणाम असा की मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला: कातडी काळवंडते, पोट बिघडतं, बुद्धी भ्रमते, शेवटी मृत्यू. आधी स्पेन आणि इटली, मग विसाव्या शतकात अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने १९१४पासून झगडून हा रोग संसर्गाचा नसून आहाराचा असल्याचं दाखवलं. निॲसिन हा त्यावरचा उपाय आहे हे कळायला १९३७ साल उजाडलं. मक्यावरच जगणाऱ्या मध्य अमेरिकेतल्या खेड्यांत मात्र हा रोग क्वचितच दिसला.

इथे थोडं दख्खनकडे वळतो, कारण धागा आपल्यापर्यंत येतो. पेलाग्रा ज्वारी खाणाऱ्यांतही होतो, हे हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास मांडलं. ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाकडे त्यांनी बोट दाखवलं. भाकरीबरोबर डाळ, दूध, पालेभाजी ज्यांना मिळत नव्हती त्यांनाच तो रोग गाठायचा. अन्नाचा इतिहास राजवाड्यांतल्या मेजवान्यांपेक्षा अशा गोष्टींतून लिहिला जावा, असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा मक्याकडे येतो. एल साल्वादोरमध्ये होया दे सेरेन नावाचं एक ठिकाण आहे. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी शेजारचा ज्वालामुखी फुटला आणि हे शेतकऱ्यांचं गाव राखेखाली जसंच्या तसं झाकलं गेलं. १९७६मध्ये धान्याच्या कोठारांसाठी जमीन सपाट करताना ते सापडलं, १९९३मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. तिथे दळण्याचे दगड, मडक्यातल्या घेवड्याच्या बिया आणि शेतात उभा मका मिळाला. पुपुसाच्या ताटातलं मुख्य साहित्य तिथे आधीपासून हजर होतं!

ताटात आणखी काय मागवावं? लोरोको घातलेली पुपुसा तर हवीच. लोरोको ही एक वेल. तिच्या न उमललेल्या हिरव्या कळ्या चीजमध्ये मिसळतात. आपल्या करवंद, कण्हेर आणि कुड्याच्या कुळातलीच ती, आणि सह्याद्रीत कुड्याच्या फुलांची भाजी करतात हे वाचकांना माहीत असेलच. लोरोकोचा वास तीव्र, किंचित रानटी. पहिल्या घासाला बुजायला होतं, तिसऱ्याला आवडू लागतो. साल्वादोरी लोकांना फुलं खाण्याचं वावडं नाही. इसोते हे त्यांचं राष्ट्रीय फूल, तेही अंड्याबरोबर परतून खातात. पिण्यासाठी ओर्चाता घ्यावं. मेक्सिकन ओर्चाता तांदळाचं, यांचं मोर्रो या फळाच्या बिया भाजून, वाटून केलेलं, दालचिनीच्या वासाचं. फाहिता आणि टाको मेन्यूत असतात ते अमेरिकन गिऱ्हाइकाला तेवढंच ठाऊक होतं म्हणून. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

शाकाहारी मंडळींनी एवढं जपावं: चिचार्रोन म्हणजे वाटलेलं डुकराचं मांस आणि ‘रेवुएल्ता’ पुपुसात ते असतंच. राजम्यातही कधी चरबी घातलेली असते, तेव्हा आधी विचारून घ्यावं; घरचीच माणसं असल्याने खरं उत्तर मिळतं. तवा मात्र सगळ्यांना एकच. काटा-चमचा बाजूला ठेवावा, आंबट कोबी आणि पातळ टोमॅटोचं सार वरून घालावं आणि हाताने तोडून गरम असतानाच खावी. घरी नेण्यासाठी डब्यात बांधलेली पुपुसा वाफेने मऊ पडते आणि निम्मी चव तिथेच जाते.

२००५पासून एल साल्वादोरमध्ये नोव्हेंबरचा दुसरा रविवार हा राष्ट्रीय पुपुसा दिवस आहे. २०२६ साली तो ८ नोव्हेंबरला, नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी येतो. वॉशिंग्टन, ह्यूस्टन, लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी संध्याकाळची पूजा सांभाळून त्या दुपारी जवळचं साल्वादोरी हॉटेल गाठावं आणि हातात वेळ ठेवून जावं.